घाटाची माती काय सांगते?

यात्रेच्या दिवशी पहाटे, अजून ताशा-सनई सुरू व्हायची असते, मांडववाले दोर ताणत असतात, अशा वेळी घाटात गेलात तर एखादा वयस्क माणूस वहाणा हातात घेऊन अनवाणी घाट चढताना दिसेल. चार पावले चालतो, थांबतो, टाच दाबून पाहतो. वाकून मूठभर माती उचलतो, दाबतो, सोडून देतो. वरच्या टोकाला जाऊन मागे वळतो आणि त्याच वाटेने पुन्हा खाली येतो. कोणी विचारले, "काय आबा, काय हरवलं काय?" तर नुसता हसतो. हरवलेले काहीच नसते. आबा घाट वाचत असतात.

पाटीवरची अक्षरे वाचायला शाळा आहे. जमीन वाचायला शाळा नाही. पेरणीआधी वाफसा आला की नाही हे आपण कोणत्या पुस्तकात पाहत नाही. पाय टाकला की कळते, ढेकूळ हातात घेतले की कळते. घाट वाचणे ही त्याच विद्येची धाकटी बहीण आहे. फरक एवढाच, की वाफसा चुकला तर एक पेरणी जाते आणि घाट चुकला तर बैलाचा पाय जातो. म्हणून या हंगामात या विद्येविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

घाट म्हणजे काय

जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या खेड तालुक्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. पण लांबच्या वाचकांसाठी सांगतो. इथे घाट म्हणजे माळशेजसारखा डोंगरातला वळणावळणाचा रस्ता नव्हे. गावाच्या कडेला, माळावर, खालून वर चढत जाणारी सरळ रुंद धाव म्हणजे घाट. गाडा वजनाला हलका असतो आणि त्यावर हाकणारा बसत नाही. दोन जोड्या मिळून चार बैल, आणि त्यांच्यापुढे स्वारासह पळणारी घोडी. विदर्भातल्या शंकरपटात सपाट पट्टीवर एक जोडी पळते आणि हाकणारा गाडीवर असतो. आपल्याकडची रीत अशी वेगळी आहे.

खालून सुटलेला चांगला गाडा अकरा, बारा, तेरा सेकंदांत वरच्या निशाणापाशी पोचतो. प्रत्येक घाटाची लांबी आणि चढण वेगळी, म्हणून एका गावचे सेकंद दुसऱ्या गावाला लावता येत नाहीत. एकेक गाडा आपापल्या बारीला पळतो, घड्याळ लावले जाते आणि सेकंदांच्या बारीक भागावर नंबर ठरतो. वर्षभर खुराक घातलेला, जिवापाड जपलेला खिलार बैल, आणि त्याचा सारा हिशेब बारा सेकंदांत! या बारा सेकंदांत माणसाच्या हाती काहीच राहत नाही. गाडा सुटल्यावर बैल, घोडी आणि माती, या तिघांचेच बोलणे चालते. माणसाला जे काही बोलायचे, ते गाडा जुंपण्याआधीच.

चढावर बैल पळतो तो मागच्या पायांच्या रेट्यावर. मागचा खूर जमिनीत रुततो, जमीन त्याला धरते आणि बैल पुढे फेकला जातो. जमिनीने धरले नाही तर खूर मागे घसरतो. एका बैलाचा खूर घसरला की जुवाचा सारा भार जोडीदारावर जातो, गाडा तिरका होतो, पुढच्या जोडीला हिसका बसतो. चार बैलांच्या सोळा पायांपैकी एक पाय सुटला तरी सारा गाडा अडखळतो.

जो घाट सकाळी, तो दुपारी नाही

घाटाची पहिली खोड ही, की तो दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी पहिली बारी सुटते तेव्हा रूळ फिरवून चोपलेली माती घट्ट असते. वीस-पंचवीस गाडे वर गेले की वरचा थर फुटतो. खुरांनी उकरलेली माती बाजूला सरते, मधल्या वाटेत फुफाटा साचतो. ऊन चढते तशी ओल उडते. मग धुळीचा लोट उठू लागला की लोक ओरडतात आणि टँकर बोलावला जातो. पाणी मारले की धूळ बसते. पण घाट पुन्हा बदलतो. म्हणजे आठ वाजता पळालेला गाडा आणि तीन वाजता पळालेला गाडा एकाच गावच्या घाटात पळाले असले, तरी एकाच घाटात पळाले असे म्हणता येणार नाही.

दुसरी खोड हंगामाची. आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तेव्हा थंडी असते, रात्रीचे दव पडते. सकाळची माती ओलसर आणि उन्हे वर आल्यावर मोकळी. पुढे चैत्र-वैशाखात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा लागतात, तेव्हा रात्रीसुद्धा माती कोरडी ठणठणीत. त्यातच एखादा वळवाचा सडा पडून गेला तर वरचे बोटभर ओले आणि खाली सारे कोरडे.

तिसरी खोड जमिनीची. आपल्या दोन्ही तालुक्यांत पश्चिमेला सह्याद्रीची तांबूस, मुरमाड जमीन आणि पूर्वेला उतरत गेले की काळी, चिकण वाढत जाते. मुरूम पाणी झटकन पिऊन टाकतो. काळी पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की साबणासारखी होते. पाण्याचा तोच टँकर एका घाटाला औषध ठरतो आणि दुसऱ्याला विष. दुसऱ्या गावात गाडा नेताना आपल्या गावचा अंदाज घरी ठेवून जावे, तो असा.

हात, पाय, डोळा, कान

मग घाट वाचायचा कसा? विद्या मोठी असली तरी तिची मुळाक्षरे सोपी आहेत आणि शेतकऱ्याच्या घरात ती जन्मापासून असतात.

आधी पाय. वहाणा काढून घाट खालून वर आणि वरून खाली असा दोनदा चालावा. चढताना चवडा काय सांगतो ते पाहावे, उतरताना टाच. टाच दाबली की बोटभर आत जावी आणि तिथेच थांबावी. अजिबात जात नसेल तर खाली खडक किंवा फार चोपलेली माती आहे. बैलाच्या खुराला धरायला जागा नाही. घोट्यापर्यंत जात असेल तर माती पोकळ आहे. बैल दमेल आणि पाय मुरगळण्याचे भय.

मग हात. एका जागची नव्हे, तर खालची, मधली आणि वरच्या टोकाची अशी तीन ठिकाणची माती घ्यावी. मुठीत दाबावी. मूठ उघडताच भुगा होऊन गळाली तर माती कोरडी. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला तर उत्तम. हाच घाटाचा वाफसा. गोळा फुटत नाही, तळव्याला चिकटतो, अंगठा फिरवला की चकाकतो, तर माती जास्त ओली. लहानपणी नदीकाठी वाळूचे किल्ले सर्वांनी केले आहेत. कोरड्या वाळूचा किल्ला उभा राहत नाही, फार ओलीचा वाहून जातो, बेताच्या ओलीचा टिकतो. थोडे पाणी मातीच्या कणांना एकमेकांशी बांधते, जास्त पाणी त्यांना सोडवते. घाटाचेही तेच.

मग डोळा. पहिल्या दोन-चार बाऱ्या झाल्यावर खुरांचे ठसे पाहावेत. ठशाच्या कडा कोरल्यासारख्या स्पष्ट असतील तर माती धरते आहे. कडा ढासळल्या असतील तर कोरडेपणा वाढतो आहे. ठसा मागे ओढल्यासारखा लांब उमटला असेल, तर तिथे एखाद्या बैलाचा पाय घसरला आहे. तो नशिबाने सावरला असेल. पण जागा धोक्याची आहे. असा एक लांब ठसा शंभर चांगल्या ठशांपेक्षा जास्त सांगतो.

शेवटी कान. गाडा जवळून जाताना खुरांचा आवाज ऐकावा. माती चांगली असेल तर धपधप असा भरीव आवाज येतो. मध्येच टक् असा कोरडा आवाज आला तर त्या जागी वरचा थर उडून खालचा दगड उघडा पडला आहे.

या चारांत सर्वांत फसवी कोणती स्थिती, असे विचाराल तर ती एकच: वरून मऊ आणि खालून टणक. उन्हाने वाळून दगड झालेल्या मातीवर नुकतेच पाणी मारले की वरचे अर्धे बोट ओले होते, खाली पाणी उतरत नाही. दिसायला घाट छान काळसर, ओलसर, धूळ नाही. पण खूर त्या लोण्यासारख्या थरावरून सरकतो आणि खालच्या टणक मातीत रुतत नाही.

आमच्या घरचा धडा

हे मी ऐकीव सांगत नाही. बंदी येण्यापूर्वीची, आमच्या घरची गोष्ट आहे. आमच्याकडे हरण्या नावाचा बैल होता. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून गोऱ्हा असताना आणलेला, आईच्या हातचे खाऊन वाढलेला. ती हाक मारायची तेव्हा तो मान वळवायचा, दुसऱ्या कोणी मारली तर कान हलवून गप्प बसायचा.

एका गावच्या यात्रेत आमची बारी दुपारी उशिरा आली. धूळ फार झाली म्हणून घाटाला नुकतेच पाणी मारले होते. आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, घाटात जाऊन आले. मुठीतली माती माझ्यापुढे धरून म्हणाले,

"आज गाडा नाय जुपायचा. वरून लोण्यावानी झालंय, आन खाली दगडावानी हाय."

मी तेव्हा ऐन पंचविशीत. म्हणालो, "तात्या, पाहुणे आलेत, बारी आलीय. आता माघारी फिरलो तर लोक काय म्हणतील?"

"लोक उद्या बैलाचा फरा चोळाया येणार हायेत का?"

एवढेच बोलून ते बाजूला उभे राहिले. आम्ही चार-पाच तरुण पोरे एका बाजूला आणि ते एकटे. गाडा जुंपला.

अर्ध्या घाटात हरण्याचा मागचा उजवा पाय बाहेर फेकला गेला. तो गुडघ्यांवर आला, तसाच दोन हात फरफटला आणि जोडीदाराच्या ओढीने उठला. गाडा निशाणापर्यंत गेला नाही. मांडीचा स्नायू ताणला गेला होता. डॉक्टरांनी तपासून विश्रांती सांगितली. आई रोज सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याने शेकायची आणि एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणे मला आजही आठवते. दोन महिन्यांनी हरण्या नीट चालू लागला. पण गाड्याला पुन्हा जुंपला नाही. पुढे आमच्याच गोठ्यात म्हातारा झाला.

तात्यांनी मला कधी टोचून बोलून दाखवले नाही. पुढच्या यात्रेच्या पहाटे मात्र त्यांनी मला उठवले. "चल, वहाणा काढ," म्हणाले. घाट वाचायला मी त्या दिवशी शिकू लागलो. म्हणजे मातीची अक्षरे मला आधीही येत होती. वाचलेले ऐकायचे असते, हे येत नव्हते.

बर्फ वाचणारे शेतकरी

ही विद्या फक्त आपल्याच मुलखात आहे असे समजू नका. जिथे जमिनीवर खेळ आहे तिथे जमीन वाचणारा माणूस आहे. फार लांबचे एक उदाहरण देतो, कारण तेही शेतकऱ्यांचेच आहे.

स्कॉटलंड देशात हिवाळ्यात जमीन गोठते, नांगर चालत नाही. अशा रिकाम्या दिवसांत तिथले शेतकरी आणि गावकरी गोठलेल्या तळ्यावर जमायचे आणि दगड सरकवण्याचा खेळ खेळायचे. या खेळाला कर्लिंग म्हणतात. सोळाव्या शतकापासून त्याच्या खुणा सापडतात. आता हा खेळ बहुतेक ठिकाणी छपराखाली, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर होतो आणि १९९८ च्या जपानमधील नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून त्याला नियमाने पदके दिली जातात. ग्रॅनाइटचा, वर मूठ बसवलेला, सुमारे १९ किलोचा गोल दगड बर्फावरून सोडायचा आणि सुमारे ४५ मीटर लांबीच्या पट्टीच्या पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळात नेऊन थांबवायचा. मूठ किंचित फिरवून सोडली की दगड हळूहळू एका अंगाला वळत जातो. चार जणांचा संघ. त्यांचा म्होरक्या पलीकडे उभा राहून कुंचा धरतो आणि इकडून नेम धरायचा.

आता गंमत पाहा. हा बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून दाणे होतात. दगड त्या दाण्यांच्या माथ्यावरून चालतो. खेळ पुढे सरकतो तसे दाणे झिजतात. ज्या वाटेने दगड जास्त गेले ती वाट एक वागते, शेजारची दुसरी. सकाळचा बर्फ आणि संध्याकाळचा बर्फ वेगळा; माणसांची गर्दी वाढली, हवेत दमटपणा आला तरी बर्फ बदलतो. दगडापुढे दोघे जण कुंच्याने बर्फ घासत पळतात. घासल्याने दाण्यांचा माथा किंचित गरम होतो, दगडाला अडणे कमी होते, तो लांब जातो आणि कमी वळतो. कधी घासायचे आणि कधी हात आवरायचा, हे सारे बर्फ वाचण्यावर.

तेही घड्याळ लावतात, पण त्यांचे गणित आपल्या उलटे आहे. आपल्याकडे सेकंद कमी तो गाडा भारी. त्यांच्याकडे पट्टीवरच्या ठरलेल्या रेषेपासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत यायला दगडाला जास्त सेकंद लागले तर बर्फ निसरडा समजायचा. कारण निसरड्या बर्फावर अगदी हलक्या हाताने सोडलेला दगडही रमत-गमत तिथवर पोचतो. खरखरीत बर्फावर त्याला जोराने सोडावे लागते, म्हणून तो लवकर येतो. एकच घड्याळ, पण काय मोजतो आहोत हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

मला यातून घेण्यासारख्या दोन गोष्टी वाटतात. पहिली ही, की बर्फ एकटा माणूस वाचत नाही. दगड सोडणारा, घासणारे दोघे आणि पलीकडचा म्होरक्या, सगळे एकमेकांना ओरडून सांगत असतात: जड आहे, हलका आहे, वळतो आहे. ज्याच्या पायाला जे कळले ते त्याने सांगायचे आणि म्होरक्याने ते ऐकायचे.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. तळ्यावर खेळण्याच्या दिवसांत पहिला प्रश्न दगड कसा वळेल हा नसायचा. पहिला प्रश्न असायचा, बर्फ आपल्याला धरील का? पुरेसा जाड नसेल तर माणसे पाण्यात. शेकडो खेळाडू जमणारा त्यांचा मोठा सामना त्यामुळे कित्येक वर्षे भरतच नसे. लेक ऑफ मेंटीथ या तळ्यावर १९७९ साली भरला, तो मोकळ्या बर्फावरचा आजवरचा शेवटचा. म्हणजे बर्फ वाचून 'यंदा खेळायचे नाही' असे म्हणणे, हेही त्या खेळाचेच एक अंग.

जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या रेसकोर्सचे घ्या. घोड्यांच्या शर्यतीआधी तिथे धावपट्टीच्या मातीत ठरलेल्या वजनाने सळई घुसवून ती किती आत जाते ते मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. या साधनाला पेनेट्रोमीटर म्हणतात. आपल्या आबांची टाच आणि हे साधन यांचे काम एकच. फरक एवढा की रेसकोर्सवर तो आकडा सर्वांसाठी फळ्यावर लागतो आणि आबांचे उत्तर आबांपाशीच राहते.

मुका घाट

ते उत्तर आबांपाशीच राहिले, तर आबांबरोबरच जाईल. ही भीती मनात यायला कारण आहे.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा योग्य ठरवला. निकाल लागला तेव्हा गावोगाव भंडारा उधळला. पण मधल्या वर्षांचे काय? २०१४ मध्ये दहा वर्षांचा असलेला पोरगा शर्यती परतल्या तेव्हा सतरा वर्षांचा झाला होता. ज्या वयात म्हाताऱ्यांच्या मागे मागे अनवाणी फिरून माती शिकायची, त्या वयात घाटात गवत होते. या काळात अनेक जाणती माणसे गेली. पोरांना बैलाची किंमत माहीत आहे, घड्याळातला आकडा पाठ आहे. माती विचारली तर गप्प.

बंदी उगाच आली नव्हती, हेही आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे. काठी, चाबूक, शेपूट पिरगळणे, विजेचा झटका, हे प्रकार घडत होते म्हणूनच तक्रारी झाल्या. आज जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, मारहाणीस मनाई असे नियम आहेत. दगडधोंडे, चिखल, दलदल असलेल्या जागी शर्यत घेऊ नये, असेही नियम सांगतो. म्हणजे घाट वाचणे हे आता नुसते जुन्या माणसांचे शहाणपण राहिलेले नाही, कायद्यालाही तेच हवे आहे. एखाद्या घाटात चुकीच्या मातीवर चार बैल पडले, तर त्या चार बैलांचेच नुकसान होणार नाही. सगळ्या गावांच्या यात्रांकडे पुन्हा बोट दाखवले जाईल.

एवढे करावे

यात्रा कमिटीने आणि गाडामालकांनी ठरवले तर फार खर्चाचे काही नाही.

घाटाला मुख्य पाणी आदल्या संध्याकाळी मारावे, म्हणजे रात्रभर ते खाली उतरते आणि सकाळी वरखाली सारखा वाफसा मिळतो. रूळ त्यानंतर फिरवावा. दिवसा धूळ बसवायला पाणी मारावेच लागले तर हलका शिडकावा करावा आणि लगेच बारी सोडू नये. माती मुठीत घेऊन पाहावी, तोवर चहा घ्यावा. एखाद्या जागी चकाकी दिसली तर तिथली ओली माती खरवडून कोरडा बारीक मुरूम टाकावा. ठरावीक बाऱ्यांनंतर घाट थांबवून मधल्या वाटेतला फुफाटा सारखा करावा आणि उघडे पडलेले दगड वेचावेत. निशाणाच्या पुढची, गाडा थांबण्याची जागाही तितकीच पाहावी. तिथे गर्दी नको आणि धोंडाही नको.

दोन-तीन जाणत्या माणसांना कमिटीने घाट पाहण्याचे काम नावानिशी द्यावे आणि त्यांच्याबरोबर प्रत्येकी दोन पोरे लावावीत. बारी थांबवा असे त्यांनी म्हटले, की थांबवायची; त्यावर वाद नको. सकाळच्या आणि दुपारच्या बाऱ्यांचे सेकंद वहीत लिहून ठेवावेत. सगळेच गाडे दुपारी मागे पडू लागले तर दोष बैलांचा नाही, घाट बदलला आहे, हे वहीच सांगेल. पुढच्या वर्षी ती वही उपयोगी पडते.

गाडामालकांनी यात्रेआधी बैलांच्या खुरांच्या पत्र्या पाहाव्यात. झिजलेली पत्री आणि ओली माती यांची गाठ पडू देऊ नये. आणि मनाची तयारी घरूनच करून जावी, की माती नाही म्हणाली तर आपणही नाही म्हणायचे. घरच्या बायामाणसांनी बैल ओवाळताना एवढे जरूर सांगावे: "घाट बघून जुपा." त्यांच्या शब्दाला अशा वेळी जो मान असतो तो आम्हा पुरुषांच्या बोलण्याला नसतो.

जुंपलेला गाडा सोडून बैल माघारी आणणे याला आपल्याकडे कमीपणा मानतात. ज्याला माती कळते तो तसे मानत नाही. तो बैल पुढच्या यात्रेत पळतो आणि त्याआधी आषाढात पेरणीलाही उभा राहतो.

परवा आमच्या घरचा लहानगा अंगणातली माती मुठीत दाबून माझ्याकडे घेऊन आला. मूठ उघडली, गोळ्याला टिचकी मारली. गोळा फुटला.

"बाबा, जुपायचा का?" म्हणाला.

तात्या ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याआधीच मान हलवली.